पेटीच्या आतलं

भाऊबीजेला किरण येणार, असा निरोप हुबळीच्या देशपांडे नगरातून आला, तेव्हाच पद्माक्कांनी ओळखलं की हा नुसता ओवाळून घ्यायला येणार नाही. गेल्या कित्येक भाऊबीजा त्यानं फोनवर उरकल्या होत्या. हुबळीहून धारवाडला यायचं म्हणजे जणू काही विजापूर गाठायचं, अशा सुरात तो दरवर्षी दगदगीचं गाऱ्हाणं सांगे, आणि पद्माक्का "बरं" एवढंच म्हणून फोन ठेवत. न आलेल्या भावाचं ताट मांडायचं नाही, हा त्यांचा नियम होता. यंदा त्यांनी ताट मांडलं, निरांजनात वात घातली आणि मालमड्डीतल्या आपल्या घराच्या दारात त्या उभ्या राहिल्या.

गाडीतून किरण उतरला, त्याच्यामागून त्याचा बंगळूरला असणारा मुलगा अनिकेत उतरला, आणि दोघांनी मिळून मागच्या सीटवरून एक सागवानी पेटी बाहेर काढली. भावाच्या चेहऱ्याआधी पद्माक्कांनी पेटी ओळखली. समोरची जाळीची कापडं कुजली होती, एका कोपऱ्याचं लाकूड उडालं होतं. पण पितळेच्या पट्टीवरची कन्नड अक्षरं अजून शाबूत होती: 'किरण'.

"अक्का, बघ तुझ्यासाठी काय आणलंय!" किरण पायरीवरूनच म्हणाला.

"माझ्यासाठी आणलं असतंस तर एकटा आला असतास," पद्माक्का म्हणाल्या. "आत घ्या. मागच्या पडवीत ठेवा. आणि चपला बाहेर."

पेटी म्हणजे गिटारचा ॲम्प्लिफायर. एकेकाळी हुबळीच्या बाजारात त्यांच्या वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, रेडिओ-ध्वनिक्षेपकांचं दुकान होतं. त्या काळी गावोगावच्या ऑर्केस्ट्रात आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार शिरली होती, आणि मुंबईहून ॲम्प्लिफायर मागवणं कुणाला परवडत नव्हतं. तेव्हा त्या दुकानाच्या मागच्या खोलीत असे दीड-दोन डझन ॲम्प्लिफायर तयार झाले. व्हॉल्व्हचे नव्हेत; ट्रान्झिस्टरचे, लावताक्षणी बोलणारे. गदग, बागलकोट, पार शिरसीपर्यंत ते गेले.

आता त्यातला हा एकच हाती लागला होता. अनिकेतनं तो कलघटगीच्या एका म्हाताऱ्या वादकाच्या माळ्यावरून मिळवला होता. बंगळूरला दोन मित्रांबरोबर त्याला तेच जुनं नाव घेऊन नवा धंदा काढायचा होता.

"आत्या, जुन्या आवाजाचं वेड आहे सध्या लोकांना," तो उत्साहानं सांगत होता. "पप्पांनी तेव्हा केलेलं मॉडेल आम्ही पुन्हा काढतोय. फक्त हा एक चालू झाला पाहिजे. व्हिडिओ करायचाय."

"कुणी केलेलं?" पद्माक्कांनी विचारलं.

"पप्पांनी."

पद्माक्कांनी भावाकडे पाहिलं. किरण खिडकीतून परसातला पेरू न्याहाळत होता.

ते ॲम्प्लिफायर बनले त्या वर्षी पद्माक्का विशीत होत्या आणि किरण आठवीत. अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यानं त्यांना सोल्डरचा थेंबदेखील नीट दिसत नसे. पेटीचं लाकूड, गिऱ्हाईक, बोलणीचालणी हे अप्पांकडे. आतलं सगळं पद्माकडे. मांडणी तिची, हिशोब तिचा, जोड तिचे. सगळ्यात आतला तो छोटा ट्रान्सफॉर्मर, ज्याच्यावर आवाजाची सारी गोडी अवलंबून होती, तोदेखील तिनं मांडीवर घेऊन हातानं गुंडाळलेला. नावाची वेळ आली तेव्हा अप्पा म्हणाले होते, "तुझं नाव घातलं आणि तू उद्या लग्न होऊन गेलीस, तर दुकानानं कुणाच्या नावानं माल विकायचा?" पट्टीवर किरणचं नाव आलं, आणि त्यात त्यांना वावगं काही वाटलं नव्हतं. वाईट याचंच होतं की तेव्हा पद्मालाही वाटलं नव्हतं.

"किरण्या," पद्माक्का आता म्हणाल्या, "पेरू पाडव्यालाच उतरवलेत, काही राहिलेलं नाही. इकडे बघ. हा मी दुरुस्त करून देईन. पण आज भाऊबीज आहे, मला ओवाळणी हवी."

"माग की, अक्का. साडी तर आणलीच आहे."

"साडी ठेव तुझ्याकडे. हा वाजू लागला की तुझ्या मुलाच्या त्या मोबाईलपुढे उभं राहून सांगायचं, हा कुणी बांधला ते. एवढीच ओवाळणी."

अनिकेत तेवढ्यात गाडीतून गिटार आणायला गेला होता. तो ऐकायला नाही, हे आधी पाहून घेऊन किरण म्हणाला, "सांगीन की. त्यात काय एवढं?"

पद्माक्कांनी पदर खोचला.

त्यांचे यजमान शाळेत गणित शिकवत. त्यांनी लग्नानंतर ही पडवी बायकोला करून दिली होती, आणि त्या पडवीत निम्म्या मालमड्डीचे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर बरे होऊन गेले होते. यजमान गेल्यावरही टेबल तसंच होतं. पद्माक्कांनी पेटी पालथी घातली, मागची फळी काढली आणि दिव्याची मान खाली वळवली.

पहिल्यांदा वास आला. जळक्या वार्निशचा आणि त्याखाली काहीतरी आंबल्यासारखा. मोठ्या कंडेन्सरचं टोपण उडून आतला कागद बाहेर आला होता. कंडेन्सर नवा होता, निळ्या कवचाचा, आणि त्याचं मायनसचं टोक चासीला, म्हणजे लोखंडी बॉडीला, जोडलं होतं.

"हे कुणी केलं?"

"बाजारातल्या एका पोराला दिला होता," किरण म्हणाला. "लावल्यावर पाच मिनिटांत फटाका फुटल्यासारखा आवाज झाला."

"त्याला बॉडीला मायनस असतं म्हणून कुणी सांगितलं?"

"त्यानं विचारलं, म्हटलं असेल मी. सगळ्यांच्यात तसंच असतं की गं."

सोल्डरिंग आयर्नच्या टोकावरचा काळा थर पद्माक्का ओल्या फडक्यावर पुसत होत्या. त्यांचा हात थांबला. या ॲम्प्लिफायरमधले ट्रान्झिस्टर जुने, जर्मेनियमचे. त्यांना सगळा कारभार उलटा लागतो, म्हणून या मालिकेत बॉडीला प्लस होतं. घरात ज्यानं एक दिवस जरी हा उघडा पाहिला असेल त्याला हे माहीत असायला हवं होतं. अप्पांना डोळ्यांनी दिसत नव्हतं, तरी ते गिऱ्हाइकाला बजावून सांगत. आणि ज्याचं नाव पितळेवर कोरलं होतं, त्यानं स्वतःच्या तोंडानं यंत्राला उलटं पाजायला सांगितलं होतं.

"अनिकेतसमोर हे काढू नकोस," किरण हळूच म्हणाला.

"फ्यूजच्या जागी हे तांब्याचं जाड वेटोळं कुणाचं? तेही त्या पोराचंच?"

"फ्यूज सारखा उडत होता."

"उडत होता म्हणजे सांगत होता. माणसानं सांगितलेलं तू ऐकत नाहीस. यंत्राचं काय ऐकणार?"

गिटार घेऊन आलेला अनिकेत हसला. "पप्पांना घरीसुद्धा हेच ऐकायला लागतं, आत्या."

पद्माक्कांनी फुटका कंडेन्सर काढून टाकला, तांब्याचं वेटोळं काढलं आणि योग्य ताकदीचा फ्यूज घातला. आपल्या डब्यातला एक जुन्या बनावटीचा कंडेन्सर काढून तपासला, आणि त्याचं प्लस बॉडीला दिलं. मग भिंतीवरचा सिरीज बोर्ड ओढला. यंत्राला वीज थेट न देता मध्ये एक दिवा घालायचा. दिवा लख्ख पेटला तर आत कुठंतरी गाठ, म्हणजे शॉर्ट, आहे, नुसता लुकलुकून मंद झाला तर काळजी नाही. दिवा लुकलुकला आणि विझत आला.

"आयितु का, अक्का? झालं?" किरणनं विचारलं.

"काय आयितु? नाडी लागली एवढंच. सुम्मने बस, गप्प जरा."

आवाज अजून नव्हता. पद्माक्कांनी आपली जुनी रीत धरली: शेवटाकडून सुरुवातीकडे यायचं, आणि प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी बोट टेकवून स्पीकर काय म्हणतो ते ऐकायचं. शेवटच्या टप्प्याला बोट लावलं, स्पीकरनं हलका हुंकार दिला. छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे लावलं, हुंकार वाढला. त्यांनी एक क्षण बोट तिथंच ठेवलं. बाजारातल्या पोरानं दिलेल्या विजेनं, उलट्या जोडणीनं, जळक्या वार्निशनं त्या गुंडाळीला काही केलेलं नव्हतं. आवाजाच्या बटणापाशी लावलं, खणखणीत गुरगुर आली. त्याच्या अलीकडे मात्र शुकशुकाट.

"म्हणजे पहिलं घर मुकं आहे," त्या म्हणाल्या. "वाळलेला कंडेन्सर असेल. वयानं वाळतात."

अनिकेत वाकून पाहत होता. तारा एकेका जुडीत बांधल्या होत्या, मेण लावलेल्या दोऱ्यानं, ठरावीक अंतरावर, प्रत्येक गाठ दुसरीसारखी. शेवंतीची वेणी गुंफताना देठाला जसा फेरा घेतात आणि अंगठ्याखाली ओढतात, तसा दोरा फिरला होता. रोज देवघरासाठी आणि शुक्रवारी ओटीसाठी बोटभर फुलं गुंफणाऱ्या हाताशिवाय ती गाठ कुणाला पडत नाही.

"पप्पा, हे किती सुंदर बांधलंय! हे कसं केलंत तुम्ही?"

पद्माक्का मान वर न करता थांबल्या. हा उत्तराचा क्षण होता. मोबाईल नव्हता, लोक नव्हते. फक्त घरची तीन माणसं.

"अप्पांनी शिकवलं होतं," किरण म्हणाला. "त्या वेळी हाताला वळण होतं रे. आता कुठलं जमतंय!"

पद्माक्कांनी वाळलेला कंडेन्सर काढला आणि दुसरा लावला. सोल्डरचा थेंब असा बसला की जणू तिथंच जन्मला होता. हात थरथरला नाही याचा त्यांना राग आला.

अनिकेतनं गिटार जोडली आणि एक तार छेडली. पडवीत आवाज भरला. त्या आवाजाला किनार होती पण धार नव्हती. वर चढताना तो थोडा दाटून येई आणि मग मोकळा होई. अनिकेत वाजवायचा थांबून पेटीकडे पाहतच राहिला.

"आत्या, हे... हे कुठल्याच नव्या यंत्रात नाही."

"वाजवत राहा," त्या म्हणाल्या. "गरम होऊ दे." पालथा हात त्यांनी धातूच्या पट्टीवर ठेवला, जिथं शेवटचे दोन ट्रान्झिस्टर बसवले होते. त्यांच्या मनात आलं, की आतला बारीक स्क्रू केसभर जास्त फिरवला तर हे यंत्र तासाभर गोड गाईल आणि नेमकं लोकांपुढे जळेल. मनात आलं, पण हाताला ते पटण्यासारखं नव्हतं. पट्टी कोमट होईतो थांबून त्यांनी स्क्रू जिथं असायला हवा तिथंच बसवला.

मग व्हिडिओ झाला. अनिकेतनं पेटी खिडकीच्या उजेडात ठेवली, किरणला एका बाजूला उभं केलं, पद्माक्कांना दुसऱ्या बाजूला, हातात निरांजनाचं ताट देऊन. भाऊबीज, बहीण-भाऊ, जुनं यंत्र. लोकांना आवडेल, असं तो म्हणाला.

किरणनं घसा साफ केला. "हे आमच्या अप्पांचं स्वप्न. मी तेव्हा पोरसवदा, पण झपाटलेला. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून एकेक तार जोडली. फार हाल काढले." तो क्षणभर थांबला. पद्माक्का त्याच्याकडे पाहत होत्या. "आणि ही आमची अक्का. हिचा आशीर्वाद नसता तर काहीच झालं नसतं. आम्ही कामात बुडालेलो असायचो आणि ही चहा-पोहे, आमची अवलक्की, घेऊन यायची."

पद्माक्कांनी त्याला कुंकू लावलं. अक्षता टाकल्या. ओवाळलं. सणाच्या दिवशी पेटवलेली वात फुंकून टाकायची नाही, म्हणून ओवाळलं. किरणनं साडीचा डबा ताटात ठेवला तो त्यांनी बाजूच्या स्टुलावर सरकवला, आणि मोबाईल बंद झाल्याचा आवाज येताच ताट खाली ठेवलं.

"झकास!" अनिकेत म्हणाला. "आता एकच राहिलं. पप्पा, तो आतला छोटा ट्रान्सफॉर्मर. आमचा इंजिनिअर म्हणतो आवाज त्यातूनच येतो, आणि तसला बाजारात मिळतच नाही. त्याचे वेढे किती, थर कसे घातलेत? उघडला तर मोडणार. तुम्हीच सांगा."

किरणच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं. "अक्का, तुला आठवतंय का गं काही?"

"मला? मी अवलक्की घेऊन यायची. त्यात दाणे किती घालायचे ते आठवतंय. सांगू?"

अनिकेत हसला, मग कुणीच हसत नाही हे पाहून त्यानं फोन हातात घेतला. पद्माक्का स्वयंपाकघरात गेल्या. पाठोपाठ किरण आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला.

"पोराचा धंदा आहे, अक्का. माझ्यासाठी नको सांगूस."

"तुझ्यासाठी सांगतच नाही. त्याला इथं बोलाव. मोबाईल नको, लोक नकोत. माझ्यासमोर त्याला एक वाक्य सांग, आणि मी वेढे, थर, तारेची जाडी, सगळं सांगते. मध्ये कागद कसला घातला तेही सांगते."

किरणनं नळ सोडला, हात धुतले, पुन्हा धुतले. "लहानपणापासून त्याला हेच सांगत आलोय गं. झोपताना सांगायचो. आता एवढ्या वयात त्याच्यापुढे खोटा पडू?"

"खोटा आहेस तर पड."

"दुकान मी बुडवलं, ते सगळ्या गावाला माहीत आहे. माझ्याकडे सांगायला हे एवढंच आहे." त्यानं नळ बंद केला. "तुझ्याकडे नवरा होता, पडवी होती. चार लोक अजून मान देतात."

"म्हणून माझं होतं ते तू घेतलंस? मला चार लोक मान देतात म्हणून?"

पद्माक्का वाट पाहत राहिल्या. दारातून अनिकेत दिसत होता, फोनवर कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होता. किरणनं त्याच्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि मान हलवली. नाही, असं.

अनिकेत फोन ठेवून आत आला. चेहरा उजळला होता. "प्रॉब्लेम सुटला, पप्पा. बोललो मी. आतलं सर्किट आम्ही नवीनच टाकू, तयार मिळतं. बाहेरची पेटी, ही पट्टी आणि नाव तेवढं हुबेहूब ठेवू. लोकांना तेच हवं असतं. आतलं कोण बघतं?"

किरणनं श्वास सोडला. इतका मोकळा, की पद्माक्कांना ऐकू आला. हातात धरलेला पेच असा सहज निसटेल, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांच्याशिवाय अडत नव्हतं. त्यांनी केलेल्याशिवायही अडत नव्हतं.

त्या पडवीत गेल्या, पेटी पालथी घातली आणि स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"आत्या, काय करताय?"

"तुला आतलं नको आहे ना? मग ते इथं राहील. पेटी आणि नाव तुम्हा बापलेकांचं, ते घेऊन जा."

"पण आत्या, हा ओरिजिनल आहे! चालू झालाय आत्ताच. प्रदर्शनाला ठेवता येईल. पप्पा, सांगा ना यांना."

पद्माक्कांनी पहिला स्क्रू काढून टेबलावर ठेवला आणि भावाकडे पाहिलं. नको म्हणायचं असेल तर त्याला कारण सांगावं लागणार होतं, आणि कारण सांगायचं म्हणजे हे कुणाचं ते बोलावं लागणार होतं.

"दे तिला," किरण म्हणाला.

"पण का?"

"दे म्हटलं ना. चल, उशीर होतोय."

अनिकेत एकदा वडिलांकडे आणि एकदा आत्याकडे बघत राहिला. काही विचारावंसं त्याच्या तोंडाशी आलं असावं. पण तो गिटार आवरायला वळला. पद्माक्कांनी तारांची जुडी न दुखवता स्पीकरची जोडणी सोडवली, चासी दोन्ही हातांनी उचलली आणि टेबलावर ठेवली. येताना दोघांना जड झालेली पेटी जाताना अनिकेतनं एकट्यानं काखेत धरून नेली. किरण पायरीवर थबकला.

"अक्का, येतो."

"पुढच्या वर्षी फोनही करू नकोस," पद्माक्का म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

गाडी गेल्यावर त्या पडवीत येऊन बसल्या. उघड्यावर ठेवलेलं यंत्र त्यांनी पुन्हा नीट पाहिलं. कुठंही काही कमी नव्हतं. एकही जोड पुन्हा करावासा वाटावा असा नव्हता. त्यांनी वीज दिली. दिवा लुकलुकून मंद झाला, पट्टी हळूहळू कोमट झाली. त्यांनी सवयीनं पहिल्या घराला बोट लावलं आणि कान दिला. स्पीकर पेटीबरोबर गेला होता. यंत्र चालू होतं आणि कुणालाही ऐकू येत नव्हतं.